श्री श्रीनिवासन यांची कारकीर्द मराठीत लिहिताना: कुठला कागद कुठे सापडतो

वॉशिंग्टनच्या डीसी सर्किट अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश श्री श्रीनिवासन यांच्यावर मराठीत एक सविस्तर, संदर्भासह नोंद करायला गेल्या पावसाळ्यात घेतली होती. दिवाळी उलटल्यावर ती पूर्ण झाली. सुरुवातीला हे काम फार मोठं वाटलं होतं. मराठीत जे होतं ते बहुतेक २०१३, २०१६ आणि २०२० मधल्या वृत्तसंस्थांच्या बातम्यांचं तेच ते रूप, ‘भारतीय वंशाचे’ एवढ्यावर थांबणारं, आणि तारखांच्या बाबतीत एकाचा दुसऱ्याशी मेळ नसलेलं. अमेरिकेतल्या फेडरल न्यायाधीशाची जवळजवळ सगळी कारकीर्द सार्वजनिक कागदांत असते. फक्त ती पाच-सहा वेगवेगळ्या दप्तरांत विखुरलेली असते, आणि कोणत्या दप्तरात काय मिळतं हे कुणी एका जागी सांगत नाही. नागपूर, पुणे, मुंबईतल्या विधी महाविद्यालयांतून अशा विषयांवर लिहू पाहणाऱ्यांसाठी तो क्रम इथे मांडतो.

पहिला मुक्काम फेडरल ज्युडिशियल सेंटरचा चरित्रकोश. हा फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, आणि १७८९ पासूनचे सगळे आजीव नेमणुकीचे न्यायाधीश त्यात आहेत. सगळी यादी तक्त्याच्या स्वरूपात उतरवूनही घेता येते. एका न्यायाधीशाचं पान जेमतेम दहा-पंधरा ओळींचं: जन्म, शिक्षण, नोकऱ्या, कुणी नेमलं, कुणाच्या रिकाम्या जागेवर, सिनेटची मंजुरी कधी, नियुक्तिपत्र कधी. श्रीनिवासन यांचा सांगाडा इथेच उभा राहतो. जन्म १९६७, चंदीगड. स्टॅनफर्डमधून १९८९ मध्ये पदवी, तिथूनच १९९५ मध्ये कायदा आणि व्यवस्थापन अशा दोन पदव्या. मग चौथ्या सर्किटचे, म्हणजे चौथ्या अपील विभागाचे, न्यायाधीश जे. हार्वी विल्किन्सन यांच्याकडे क्लार्क, वर्षभर सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयात ब्रिस्टो फेलो (तरुण वकिलांसाठीची एक वर्षाची नेमणूक), आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात सँड्रा डे ओ’कॉनर यांच्याकडे क्लार्क. पुढे ओ’मेल्व्हनी अँड मायर्स ही खासगी फर्म, परत सॉलिसिटर जनरल कार्यालय, परत फर्म, आणि २०११ पासून प्रिन्सिपल डेप्युटी सॉलिसिटर जनरल.

क्लार्क म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोर्टातला कारकून येतो. तिथे मात्र उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला तरुण वकील वर्षभर न्यायाधीशाच्या दालनात संशोधन करतो, मसुदे लिहितो. विल्किन्सन आणि ओ’कॉनर हे दोघेही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले. पुढे डेमोक्रॅट ओबामांनी नेमलेला माणूस या दोघांच्या हाताखाली घडला, हे मंजुरीच्या वेळी त्यांच्या बाजूने गेलं असावं असं माझं मत आहे.

नाव शोधतानाच पहिली ठेच लागते. पूर्ण नाव पद्मनाभन श्रीकांत श्रीनिवासन. सरकारी नोंदींत ‘श्रीकांत श्रीनिवासन’, वृत्तपत्रांत आणि निकालांच्या बातम्यांत ‘श्री श्रीनिवासन’. हे ‘श्री’ आदरार्थी नसून श्रीकांतचं लघुरूप आहे. ते गाळून फक्त आडनावाने शोधलंत तर शेकडो भलते श्रीनिवासन समोर येतील. जन्म चंदीगडचा म्हणून कुठे कुठे त्यांना पंजाबी ठरवलेलंही आढळतं. कुटुंब तमिळ आहे, आणि ते वाढले कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या विद्यापीठाच्या गावी, जिथे वडील गणिताचे प्राध्यापक होते. तिथल्या शाळेच्या बास्केटबॉल संघात त्यांचा सोबती होता डॅनी मॅनिंग, जो पुढे एनबीएमध्ये खेळला. नोंदीत याला एक ओळ पुरे, पण न्यायाधीशांवरच्या रुक्ष लिखाणात अशी एखादी ओळ वाचकाला धरून ठेवते.

दुसरा मुक्काम काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, अधिकृत संकेतस्थळ. सिनेटकडे आलेल्या प्रत्येक नामनिर्देशनाला तिथे क्रमांक असतो आणि त्याखाली तारीखवार हालचाली. श्रीनिवासन यांच्या नावाने दोन स्वतंत्र नोंदी निघतात, म्हणून गोंधळून जाऊ नका. ओबामांनी ११ जून २०१२ रोजी नाव पाठवलं. सिनेटने त्यावर काही केलं नाही. सत्र संपलं की अनिर्णित नावं राष्ट्राध्यक्षांकडे परत जातात, असा सिनेटचा नियम आहे. त्यानुसार २ जानेवारी २०१३ ला नाव परत गेलं आणि दुसऱ्याच दिवशी नव्याने आलं. ‘परत पाठवलं’ म्हणजे नाकारलं असा अर्थ काढू नये. हे दरवेळी घडणारं कामकाज आहे.

तिथून पुढे सगळं भराभर झालं: १० एप्रिलला न्यायिक समितीपुढे सुनावणी, १६ मे रोजी समितीत १८–० अशी मंजुरी, २३ मे रोजी पूर्ण सिनेटमध्ये ९७–०. सदस्यवार मतदान सिनेटच्या पानावर आहे. ज्या राज्यातली जागा असते तिथल्या दोन सिनेटरांची संमतीची निळी चिठ्ठी लागते, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. डीसीला सिनेटरच नाहीत, त्यामुळे डीसी सर्किटच्या नेमणुकीत ही चिठ्ठी येतच नाही. ए. रेमंड रँडॉल्फ यांनी नोव्हेंबर २००८ मध्ये ज्येष्ठ दर्जा (एक प्रकारची अर्धनिवृत्ती) घेतल्यापासून ही जागा रिकामी होती. त्या न्यायालयावरची याआधीची नेमणूक ब्रेट कॅव्हानॉ यांची, २००६ सालची. सात वर्षं एकही नवा न्यायाधीश आला नव्हता, या पार्श्वभूमीवर ९७–० हा आकडा ठळकपणे द्यायला हवा.

आता तारखांचा घोळ, जो सगळ्यात जास्त छळतो. नामनिर्देशन, मंजुरी, नियुक्तिपत्र, शपथ आणि समारंभपूर्वक शपथ या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. श्रीनिवासन यांची मंजुरी २३ मे २०१३ ची, नियुक्तिपत्र २४ मे चं. समारंभ मात्र सप्टेंबर २०१३ मध्ये झाला. ओ’कॉनर यांनी शपथ दिली आणि भगवद्गीतेवर हात ठेवून ती घेतली गेली. आपल्याकडे बातमी त्या समारंभाची गाजली, म्हणून कित्येक ठिकाणी ते सप्टेंबरमध्ये न्यायाधीश झाले असं छापलं गेलं. सेवाज्येष्ठता नियुक्तिपत्राच्या तारखेवरून मोजली जाते, तेव्हा नोंदीत मुख्य तारीख तीच धरावी. शिवाय वॉशिंग्टनमध्ये दुपारी मतदान झालं की आपल्याकडे रात्र असते आणि बातमी दुसऱ्या दिवसाची तारीख घेऊन येते. तारीख नेहमी तिथली घ्यावी.

तिसरा कागद म्हणजे सिनेट समितीची प्रश्नावली, आणि माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा. प्रत्येक उमेदवाराला ती भरावी लागते. प्रश्न ठरलेले असतात, त्यामुळे एकदा क्रमांक लक्षात आले की कुणाचीही प्रश्नावली पटकन चाळता येते. बारावा प्रश्न लेखन आणि भाषणांचा: छापलेलं प्रत्येक टिपण, दिलेलं प्रत्येक व्याख्यान. सतरावा, स्वतः चालवलेल्या दहा महत्त्वाच्या खटल्यांचा, त्यात कुठलं न्यायालय, कुठला काळ, विरुद्ध बाजूला कोण वकील. शेवटचा सव्विसावा निवडीच्या प्रक्रियेचा: उमेदवाराशी पहिला संपर्क कधी झाला, मुलाखती कुणी घेतल्या. नोकरीचे महिने, वकिलीच्या सनदा, सभासदत्वं हे सगळं उमेदवाराच्या सहीनिशी असतं. सोबत मालमत्तेचं पत्रक जोडलेलं असतं. एक गोपनीय भागही असतो, तो प्रसिद्ध होत नाही; त्याच्या मागे लागू नये.

अडचण जुन्या प्रश्नावल्या मिळण्याची. समितीच्या संकेतस्थळाची मांडणी बदलते, जुने दुवे तुटतात. तेव्हा सरकारी प्रकाशनांच्या गव्हइन्फो या संग्रहात सुनावण्यांचे छापील खंड शोधावेत. एका खंडात अनेक उमेदवार एकत्र असतात, खंड जाडजूड असतो, आणि सुनावणीनंतर तो प्रसिद्ध व्हायला बराच काळ जाऊ शकतो. दहा वर्षांपूर्वीच्या नेमणुकीला ही अडचण नाही, अलीकडच्या नेमणुकीला असते. नाहीच सापडलं तर लायब्ररी ऑफ काँग्रेसची ग्रंथपालांना प्रश्न विचारण्याची सोय आहे. ती फुकट आहे आणि भारतातूनही चालते. प्रश्न नेमका लिहावा: कोण, कुठलं न्यायालय, सुनावणीची तारीख. ‘माहिती हवी आहे’ असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं.

वकील म्हणून केलेल्या कामासाठी सर्वोच्च न्यायालयाचं संकेतस्थळ पुरतं. युक्तिवादांची शब्दशः टिपणं तिथे फुकट आहेत. मंजुरीपूर्वी श्रीनिवासन यांनी तिथे वीसहून अधिक खटल्यांत युक्तिवाद केला होता. दोन आवर्जून वाचावेत. एनरॉन या बुडालेल्या ऊर्जा कंपनीचे माजी प्रमुख जेफ्री स्किलिंग यांच्या वतीने त्यांनी मार्च २०१० मध्ये युक्तिवाद केला. जूनमध्ये निकाल आला तो अर्धा जिंकलेला, अर्धा हरलेला: खटला ह्यूस्टनबाहेर हलवायला हवा होता हे न्यायालयाने मानलं नाही, पण ‘प्रामाणिक सेवा’ फसवणुकीच्या कायद्याचा अर्थ मात्र चांगलाच आवळला. दुसरा मार्च २०१३ मधला विंडसर खटला. समलिंगी विवाहाचा खटला त्यांनी लढवला असं सरसकट लिहिलं जातं. टिपणाच्या पहिल्या पानावर स्पष्ट आहे की ते सरकारच्या वतीने उभे होते ते फक्त अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर. त्यानंतर दोनच आठवड्यांनी त्यांची स्वतःची सिनेट सुनावणी होती. बातमी आणि मूळ कागद यांत किती अंतर पडतं ते पाहायचं असेल तर हे एक पान पुरे.

न्यायाधीश झाल्यानंतरच्या कामाकडे वळलं की खरा वेळ जातो. अपील न्यायालयात खटला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे चालतो. डीसी सर्किट आपले निकाल साधारणपणे मंगळवारी आणि शुक्रवारी संकेतस्थळावर टाकतं. आडनाव टाकून शोध घेतला की ज्या ज्या खंडपीठावर ते बसले ते सगळे निकाल समोर येतात, आणि नवा माणूस ते सगळे त्यांच्या नावावर जमा करून मोकळा होतो. तसं करू नये. निकालाच्या सुरुवातीच्या पानांवर आधी खंडपीठाची ओळ असते: अमुक मुख्य न्यायाधीश, अमुक आणि अमुक सर्किट न्यायाधीश. त्याखाली वेगळी ओळ: न्यायालयाचं मत कुणी लिहिलं, सहमतीचं वेगळं मत कुणाचं, विरोधी कुणाचं. आपल्या कामाची ही दुसरी ओळ. ‘पर क्युरिअम’ (सगळ्या खंडपीठाच्या नावाने दिलेलं मत) असेल तर लेखकाचं नाव नसतं, आणि शैलीवरून अंदाज बांधून ते कुणाच्या नावावर टाकायचं नसतं.

लोपर ब्राइट खटल्याचं उदाहरण घ्या. हेरिंग मासेमारांच्या बोटीवर सरकारी निरीक्षक बसवायचा, तर त्याचा खर्च मासेमारांनी द्यावा का, हा वाद. डीसी सर्किटने १२ ऑगस्ट २०२२ ला सरकारच्या बाजूने निकाल दिला. खंडपीठावर श्रीनिवासन होते, पण मत लिहिलं ज्युडिथ रॉजर्स यांनी. जस्टिन वॉकर यांनी विरोधी मत दिलं. हाच खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, २८ जून २०२४ रोजी खालचा निकाल रद्द झाला आणि सरकारी खात्यांच्या अर्थ लावण्याला झुकतं माप देणारं १९८४ पासूनचं ‘शेव्हरॉन’ तत्त्वच मोडीत निघालं. ‘श्रीनिवासन यांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फिरवला’ असं वाक्य इथे सहज हातून जातं. बरोबर वाक्य असं: ते बहुमतात सामील होते, लेखक नव्हते.

त्यांनी स्वतः लिहिलेल्यांपैकी सुरुवात करायला सोपा निकाल म्हणजे पॉम वंडरफुल, ३० जानेवारी २०१५. डाळिंबाचा रस विकणारी ही कंपनी जाहिरातीत हृदयविकार, प्रोस्टेट कर्करोग वगैरेंवर गुण येतो असं सुचवत होती. जाहिराती दिशाभूल करणाऱ्या आहेत हा फेडरल ट्रेड कमिशनचा निष्कर्ष न्यायालयाने उचलून धरला. मात्र यापुढे रोगाबद्दल दावा करायचा तर किमान दोन यादृच्छिक वैद्यकीय चाचण्या हव्यात, ही आयोगाची सरसकट अट मान्य केली नाही. एक हवीच, दुसरीची सक्ती करायला पुरेसं कारण आयोगाने दिलेलं नाही, असं म्हटलं. सरकारी खात्याला बहुतांशी मान्यता, पण हुकमाचा पल्ला कारणाएवढाच. ही पद्धत त्यांच्या इतर निकालांतही दिसते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला हॉज विरुद्ध टॉकिन हा निकाल सर्वोच्च न्यायालयासमोरच्या संगमरवरी प्रांगणात फलक घेऊन उभं राहण्याच्या बंदीबद्दलचा. खालच्या न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली होती, या निकालाने ती परत वैध ठरवली. आणि जून २०१६ चा इंटरनेट समानतेचा (नेट न्यूट्रॅलिटीचा) निकाल, युनायटेड स्टेट्स टेलिकॉम असोसिएशन विरुद्ध एफसीसी (दूरसंचार नियामक आयोग), हा टॅटेल आणि श्रीनिवासन या दोघांच्या नावाने संयुक्त आहे. स्टीफन विल्यम्स यांचं अंशतः विरोधी मत वेगळं. कुठला परिच्छेद कुणाचा हे सांगता येत नाही, म्हणून त्यातलं अवतरण एकट्या श्रीनिवासन यांच्या तोंडी घालू नये. त्यांचा स्वतंत्र आवाज हवा असेल तर याच खटल्यातला १ मे २०१७ चा आदेश काढावा. पूर्ण न्यायालयाने फेरसुनावणी नाकारली तेव्हा त्यांनी सहमतीचं वेगळं मत लिहिलं, समोर कॅव्हानॉ यांचं विरोधी मत होतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की अभिव्यक्तिस्वातंत्र्याची तीच पहिली घटनादुरुस्ती दोघे कशी वेगळी वाचतात ते उलगडतं. माझ्या मते संपूर्ण कारकिर्दीतलं हे सर्वात वाचनीय लेखन आहे.

संदर्भ देण्याची रीत सोपी आहे. ‘७७७ एफ.थर्ड ४७८’ म्हणजे फेडरल रिपोर्टरच्या तिसऱ्या मालिकेतला ७७७ वा खंड, पान ४७८. हाच पॉमचा निकाल. २०२१ पासून चौथी मालिका सुरू आहे. न्यायालयाच्या संकेतस्थळावरच्या प्रतीचे पानांचे आकडे आणि छापील खंडातले आकडे जुळत नाहीत. कुठले वापरले ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

खर्च कुठे येतो, तर पेसर या न्यायालयीन नोंदींच्या सरकारी यंत्रणेत. पानाला दहा सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त तीन डॉलर. शोधाच्या निकालांचीही पानं मोजली जातात, हे लक्षात न घेता ढोबळ शोध मारत बसलं की मीटर पळतं. तिमाहीत तीस डॉलर किंवा कमी झाले तर आकारणी माफ. खातं उघडताना कार्डाची माहिती दिली तर ते लगेच सुरू होतं. निकालपत्रं तिथेही फुकट आहेत, पैसे पडतात ते वकिलांच्या ब्रीफ (लेखी युक्तिवाद) आणि अर्जांचे. त्याआधी कोर्टलिसनर हा मोफत संग्रह पाहावा. इतरांनी पैसे भरून काढलेले पुष्कळ कागद तिथे ठेवलेले असतात. एका न्यायाधीशाच्या नोंदीपुरतं काम माफीच्या मर्यादेत आरामात बसतं.

पैशांची बाजू लिहायची तर दोन कागद. पगार सगळ्या सर्किट न्यायाधीशांना सारखा आणि जाहीर: २०१३ मध्ये वर्षाला १,८४,५०० डॉलर, २०२४ मध्ये २,५७,९००. गुंतवणुकींसाठी वार्षिक विवरणपत्र. मे २०२२ मधल्या कायद्यामुळे ती आता न्यायसंस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यात रक्कम नसते, अक्षरं असतात: ‘जे’ म्हणजे १५ हजार डॉलरपर्यंत, ‘के’ ५० हजारांपर्यंत, ‘एल’ एक लाखापर्यंत, ‘एम’ अडीच लाखांपर्यंत. या पट्ट्यांची बेरीज करून ‘एकूण संपत्ती इतकी’ असा आकडा काढणं शुद्ध चूक, कारण पट्टीची वरची आणि खालची टोकं फार दूर असतात आणि राहतं घर त्यात नसतंच.

मुख्य न्यायाधीशपदाबद्दल मराठीत सर्वाधिक चुकीचं लिहिलं गेलं आहे. १२ फेब्रुवारी २०२० पासून श्रीनिवासन त्या पदावर आहेत, आणि फेडरल सर्किट न्यायालयाचं नेतृत्व करणारे दक्षिण आशियाई वंशाचे ते पहिले. पण त्यांना त्या पदावर कुणी नेमलं नाही, ना ओबामांनी ना त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी. कायदा सांगतो: सक्रिय न्यायाधीशांत जो सर्वात ज्येष्ठ, ज्याचं वय ६५ पेक्षा कमी आणि किमान एक वर्ष सेवा झालेली, तो मुख्य, मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. आधीचे मुख्य न्यायाधीश मेरिक गारलँड यांची सात वर्षं तेव्हा पूर्ण झाली. श्रीनिवासन यांच्याहून ज्येष्ठ हेंडरसन, रॉजर्स आणि टॅटेल वयामुळे बाद. थॉमस ग्रिफिथ यांनीही जुलै २०१९ मध्ये पासष्टी गाठली होती. पुढचं नाव श्रीनिवासन यांचं, वय ५२. हे गणित नोंदीत मांडलं की ‘बढती मिळाली’ असं लिहिण्याची वेळ येत नाही.

काय लिहू नये तेही सांगतो. न्यायाधीश एस्थर सालास यांच्या मुलाची २०२० मध्ये घराच्या दारात गोळ्या घालून हत्या झाली. त्याच्या नावाचा, डॅनियल अँडर्ल यांच्या नावाचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला, आणि न्यायाधीशांचा घरचा पत्ता, मुलांच्या शाळा अशा तपशिलांना संरक्षण मिळालं. जुन्या प्रश्नावल्यांत किंवा बातम्यांत असं काही दिसलं तरी उतरवून घेऊ नये. विवरणपत्रांतही काही ओळी सुरक्षेसाठी काळ्या केलेल्या असतात. त्यामागे लपवाछपवी आहे असं सुचवू नये.

नोंद प्रसिद्ध केल्यावर दोन जागा अधूनमधून तपासाव्या लागतील. एक, मुख्य न्यायाधीशपद: सात वर्षांची मुदत फेब्रुवारी २०२७ मध्ये संपते, आणि मधे काही बदललं नाही तर ज्येष्ठतेनुसार पुढचं नाव पॅट्रिशिया मिलेट यांचं येतं. मुदत संपली तरी श्रीनिवासन साधे सर्किट न्यायाधीश म्हणून काम करत राहू शकतात, त्यामुळे तेव्हा ‘निवृत्त’ लिहू नका. दुसरी, ज्येष्ठ दर्जा: वय ६५ आणि सेवा १५ वर्षं झाली की तो घेता येतो, म्हणजे त्यांच्या बाबतीत २०३२ च्या फेब्रुवारीआधी नाही. तोही घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.